कुलूप आतून कापले आहे

जबाब देणार: मूळ तक्रारदाराची पत्नी. वय ३८ वर्षे. धंदा: घरी पडदे शिवणे व बसवून देणे. राहणार: गेटाच्या आतले पाचवे घर.

मी आज गुरुवारी सकाळी सात वाजता सासूबाईंसह ठाण्यात स्वतः येऊन सांगते की, गेटाचे कुलूप तुटल्याबद्दल माझ्या नवऱ्याने व शेजारच्या औषधवाल्यांनी काल सकाळी चोरीच्या प्रयत्नाची तक्रार दिली आहे. चोर आलेले नाहीत. कुलूप मी कापले आहे.

सदर घर आम्ही सात महिन्यांपूर्वी विकत घेतले. त्याआधी शहरात बेकरीच्या वर दोन खोल्यांत राहत होतो. पहाटेपासून भट्टीचा आवाज, खाली टेम्पो, वर आम्ही. मला शांतता हवी होती. नवरा म्हणत होता, रोज दीड तासाचा बसप्रवास झेपणार नाही. पण मी म्हणेन ती पूर्व दिशा. घर बघायला तीनदा गेलो, तिन्ही वेळा रविवारी. रविवारी गेट सताड उघडे असते. लोक अंगणात खुर्च्या टाकून बसले होते. जुन्या मालकीणबाई म्हणाल्या, "इथं दिवसा चिटपाखरू नसतं." मला ते फार आवडले. घर मीच पसंत केले, हे मुद्दाम लिहून घ्यावे.

गल्लीत पाच घरे आहेत. एका बाजूला उंच भिंत, तिच्यावर काचा. मागे कालवा. येण्याजाण्याला एकच गेट, पत्र्याचे, माणसाच्या डोक्याहून वर. आमच्याशिवाय चारही घरांतली माणसे शहरात नोकरीला जातात. म्हणून नियम असा आहे, की सकाळी जो शेवटी निघेल त्याने बाहेरून कुलूप लावायचे आणि संध्याकाळी जो पहिला येईल त्याने उघडायचे. प्रत्येक घराला एकच चावी. पूर्वी कुणीतरी कामवालीला जास्तीची चावी करून दिली आणि चोरी झाली, तेव्हापासून दुसरी करायची नाही असे ठरले आहे. आमची चावी नवऱ्याकडे असते, कारण मुलीची शाळा शहरात आहे, ती त्याच्यासोबत जाते-येते आणि बरेचदा तेच दोघे आधी परततात.

पहिल्या सोमवारी आठ वाजता मी दूध आणायला निघाले. गेट ढकलले, हलले नाही. मला वाटले, गंजले असेल. सासूबाईंना हाक मारली, दोघींनी मिळून ढकलले. मग फटीतून कुलूप दिसले. आम्ही हसलो. त्या दिवशी कोरा चहा घेतला.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितले. तो म्हणाला, "अगं, नवीन आहोत आपण. आल्या आल्या नियम नको मोडायला. आणि दिवसा तुला जायचं कुठं असतं?" दोन महिन्यांनी मी औषधवाल्यांना विचारले. ते भले गृहस्थ आहेत, सासूबाईंच्या गुडघ्यांचे मलम स्वतः आणून देतात. म्हणाले, "वहिनी, तुम्ही आत आहात म्हणजे आम्हाला केवढा आधार." त्यानंतर मी विषय काढला नाही. हट्टाने घेतलेल्या घराला कोणत्या तोंडाने नावे ठेवायची? सकाळी सात चाळीसला कुलूप लागते, संध्याकाळी सहाला निघते. कापडाचे पार्सल गेटावरून आत टाकतात. मापे घ्यायला मी रविवारी जाते. गिऱ्हाईक निम्मे सुटले.

घटनेचा दिवस मंगळवार. सकाळी अकरा वीसला शाळेतून फोन आला, की मुलगी जिन्यावरून पडली, हनुवटी फाटली आहे, टाके घालावे लागतील, घरचे कुणी ताबडतोब या. नवरा प्रयोगशाळेत कामाला आहे, तिथे फोन बाहेरच्या कपाटात ठेवून आत जातात. नऊ वेळा फोन लावला. बाकी चार घरांचे नंबर माझ्याकडे नाहीत, ते नवऱ्याच्या फोनमध्ये आहेत. मी गेटावर हात आपटले, ओरडले. रस्त्यावर कुणी नव्हते. त्याच शांततेसाठी तर घर घेतले होते.

पडद्यांचे लोखंडी दांडे कापायला माझ्याकडे करवत आहे. मी ती आणली. पत्र्याला कडीपाशी हात जाईल एवढी खाच आहे, तिच्यातून कुलूप हाताला लागते, पण ते लोंबकळते, करवत घसरते. तेव्हा सासूबाई, वय ७४, खाचेत हात घालून कुलूप धरून उभ्या राहिल्या. अकरा चाळीसपासून बारा पंचवीसपर्यंत. दोन पाती मोडली. मध्येच त्या म्हणाल्या, "आधी का नाही गं कापलंस?" मी म्हटले, "तुम्हाला इथं आवडतंय असं वाटलं." त्या म्हणाल्या, "मला वाटलं, तुला आवडतंय."

ही करवत सात महिने माझ्या मशीनशेजारी भिंतीला टांगलेली होती. रोज नजरेसमोर होती. त्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

शाळेत पोहोचायला दोन वाजले. वर्गशिक्षिकेच्या सहीवर तीन टाके घालून झाले होते. मुलगी रडत नव्हती. मला बघून तिने विचारले, "आई, तू कशी काय आलीस?" तिच्या मते मी येऊच शकत नव्हते. मी तिला शाळेला कळवून घेऊन निघाले, चार वाजता घरी आले. तोवर सासूबाई गेटात खुर्ची टाकून चार घरांची राखण करत बसल्या होत्या. मग गेट लोटून कापलेले कुलूप कडीत अडकवून ठेवले.

सहाला औषधवाल्यांनी ते पाहिले. पाठोपाठ नवरा आला. मुलीला लागले आणि मी तिला घेऊन गेले, हे त्याला शाळेत कळले होते. मी घरातून गेटापर्यंत पोहोचेपर्यंत तो बोलून गेला, "चोरांनीच तोडलं असणार." मी पोहोचल्यावरही ते खोडून काढले नाही, ही माझी चूक आहे. घरात तो म्हणाला, "चोर म्हटलं की विषय संपतो. आपल्याला इथंच राहायचंय ना?" तो वाईट माणूस नाही. त्याला चार लोकांची भीती वाटते.

काल बुधवारी सकाळी नवे कुलूप लागले. अकरा वाजता आपले हवालदार पाहणीसाठी आले. ते म्हणाले, "गेट उघडा." मी आतून म्हटले, "चावी नाही." ते म्हणाले, "मग तुम्ही आत कशा?" मी म्हटले, "इथे राहते." मग त्यांनी तक्रारीसोबत जमा केलेले जुने कुलूप खाचेतून दाखवून विचारले, "बाई, हे आतून कापलंय ना?" मी हो म्हटले. त्यांनी ठाण्यात येऊन सांगायला सांगितले. गेटाला कुलूप लागायच्या आत निघावे लागते म्हणून आम्ही आज साडेसहालाच बाहेर पडलो. नवऱ्याला सांगून आले आहे. तो दाढी करत होता, आरशातून बघत राहिला.

माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. चोरीची नोंद रद्द करावी. कुलपाचे जे काही होईल ते मी सोसेन. करवत मी सोबत आणली आहे, ती पाहून परत द्यावी. नवे कुलूप जुन्याच्या दुप्पट जाड आहे, म्हणून येताना बाजारातून पाती घ्यायची होती, पण दुकाने नऊला उघडतात. तोपर्यंत आम्हा दोघींना इथल्या बाकावर बसू द्यावे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. बाकावर बसलेल्या सासूबाईंनी तो ऐकून एक दुरुस्ती सांगितली. "कुलूप धरून उभ्या राहिल्या" याच्या पुढे "व पुन्हा धरतील" असे लिहावे, असे त्यांचे म्हणणे आहे. त्याप्रमाणे लिहिले. खाली दोघींच्या सह्या आहेत.