अकरा जणींचं पारणं

…आता यात माहं काय चुकलं, तुम्हीच सांगा! आमची आचल वर्ध्याले शिकते, म्हाताऱ्या माणसाच्या अंगात ताकद किती राह्यते यावर संशोधन कर म्हणून तिले शिष्यवृत्ती भेटली, आन् त्यात मोजायचं काय, तर हात न टेकता अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता! साठीवरच्या अकरा बाया पाह्यजे, आकडे आज बाराच्या आत गेले नाई तर शिष्यवृत्ती बंद! मी म्हटलं, "दारोदार कायले फिरते? उद्या आपलं भजनी मंडळ देवळात जमतेच." परवा म्हटलं मी हे. तिनं तारीख पाह्यली, मी तिथी पाह्यली… एकादशी, चांगला दिवस! नारायणा, लेकीची शिष्यवृत्ती सांभाळजो!

पहिल्याच शोभाबाई. वय एकाहत्तर. चारदा उठल्या आन् धपकन बसल्या. "पाय कापून राह्यले वो, सकाळपासून पाणी बी नाई पोटात!" बाकीच्या दहा जणींचे आकडे बी तसेच. आचल पांढरीफटक. "आई, या साऱ्या उपाशी हायेत?"

"मंग? एकादशीले कोणी जेवते काय?"

"अवं, ताकद मोजायची हाये, भक्ती नाई!"

आता अकरा म्हाताऱ्यांले 'उपास मोडा' म्हणायचं पाप कोण घेईन? म्हटलं, उद्या द्वादशी, पारणं आपल्या घरी, जेवतील, ताकद येईन, मंग मोज. आज पहाटे चारले उठले, तुम्हाले सांगते… वरण, पोळ्या, वांग्याची भाजी, कढी, गोळाभात! नारायणा, लेकीची शिष्यवृत्ती सांभाळजो!

दहाले पंगत उठली. आचलनं खुर्ची मांडली, घड्याळ धरलं. शोभाबाई म्हणते, "एवढं जेवल्यावर उठबस करते काय कोणी? जराशी पाठ टेकवते." ती आडवी झाली, तिच्या बाजूले दुसरी, मंग तिसरी… साडेअकराले अकराच्या अकरा घोरून राह्यल्या! उठतात कशा हे मोजायचं, आन् एक बी उठून नाई राह्यली! हलवलं, टाळ वाजवला… नारायणा, नारायणा, लेकीची शिष्यवृत्ती!

बाराले दहा कमी. आचलनं रडत रडत तिच्या कॉलेजातल्या मॅडमले फोन लावला. मॅडम काय म्हणाल्या? "अगं, कालचेच आकडे पाठव, बाजूला 'उपाशी' लिही. चालतं!"

चालतं!! आन् मी चारपासून चुलीपुढं!

असो. शिष्यवृत्ती वाचली. आता या अकरा जणी उठल्या का आधी चहा मागतील… ठेवते आधण.