किल्ला हलला नाही

आईच्या तेराव्याला फोटो लावला, त्यात ग्वाल्हेरचा किल्ला लख्ख आणि आई पुसट आहे. त्याचं असं झालं, मध्य भारत राज्य मध्य प्रदेशात विलीन झालं, बाबांची भोपाळला बदली झाली. निघताना आईला किल्ल्यासोबत फोटो हवा होता. शेजारचे काका गच्चीवर कॅमेरा लावून म्हणाले, "दोन्ही स्पष्ट हवं, तर भिंगाचं भोक बारीक ठेवावं लागतं, त्यात उजेडही उतरलाय, फोटो उमटायला वेळ लागेल. वहिनी, पाच मोजेपर्यंत हिलायचं नाही हं!"

तीनवर आजोबा वर आले. सासरे दिसताच आईने झटकन डोक्यावर पदर घेतला. रिळातला तो शेवटचा फोटो होता.

काका वैतागले, "एवढा किल्ला, तो हिलला का?"

पदराआडून आई म्हणाली, "त्याचे सासरे कुठे आले गच्चीवर?"