कलेजीचा घास

उंब्रजच्या जनावरांच्या दवाखान्यात अर्फा शेळी घेऊन बसली होती. शेजारी शालूबाई आणि तिची मैत्रीण बोलत होत्या.

"कोंबड्या कशानं गेल्या गं?" मैत्रिणीनं शालूबाईला विचारलं.

"बुरशी धरलेल्या मक्यानं. टाकवंना, म्हनून धुऊन-वाळवून घातला."

"धुतल्यावर बी बाधतं व्हय?"

"डॉक्टर म्हनलं, इख धुऊन जात न्हाई. थोडं शिटंतनं भाईर पडतं, थोडं कलेजीत ऱ्हातं."

"मग परत कशाला बसलीयास?"

"मरायला टेकलेली एक कापली हुती. कलेजी लेकीला भाजून दिली. पोटुशी हाय न्हवं. नगं नगं म्हनत हुती, मीच घास भरवला."

आतून अर्फाला हाक आली.

"मावशी, आदी तुमी जावा."

शालूबाई जागची हलली नाही.