सकाळी विनोद, दुपारी सल्ला, रात्री सुविचार

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई, व्यासपीठावर विराजमान झालेल्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या मोठ्या बाई, त्यांच्या शेजारी आत्तापासूनच डोळे मिटून चिंतनाला लागलेले या इमारतीचे मालक, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सत्कारमूर्ती कंपाउंडरभाऊ, आणि समोर बसलेल्या माझ्या पेशंट बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

हुश्श! एवढं नातीने पाठ करून घेतलं होतं. ‘विराजमान’वर चार दिवस गेले. पुढचं कागदावर काही नाही, आणि असतं तरी उपयोग नव्हता. मी दुसरीपर्यंत शिकले. म्हणजे दुसरीत बसले होते. पास झाले का, ते विचारायला घरचं कोणी परत गेलंच नाही. मोठ्या बाई, हसू नका, तुमच्या शाळेत नव्हते मी, नाहीतर तुम्ही कान धरून आणलं असतं.

खरं सांगायचं तर आजच्या भाषणाचं आमंत्रण मला नव्हतं. ते आमच्या ह्यांना होतं. ते काय, तिसऱ्या रांगेत, खांबाशेजारी, काठी दोन पायांत धरून बसलेत. सगळ्यांनी एकदम माना वळवू नका हो, लाजतात ते!

आमच्या ह्यांना तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी पाहिलं नसेल, पण ऐकलं नक्की आहे. एकतीस वर्षं बसस्टँडवर गाड्या पुकारायचे. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कोणाची पिशवी सापडली, कोणाचं मूल रडतंय, सगळं यांच्या तोंडून. घरीही तेच! आंघोळीला पाणी काढलं की मोरीतून आवाज, “टॉवेल अद्याप आलेला नाही, प्रवाशांनी नोंद घ्यावी.” लग्न झालं तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या, “मुली, याच्याशी भांडू नकोस, तीन गल्ल्यांना कळेल.” तरी भांडले. तीन गल्ल्यांना कळलं.

आणि दोन वर्षांपूर्वी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. हात सुधारला, पाय काठीपुरता सुधारला, जीभ मात्र रुसली. शब्द डोक्यात तयार, पण ओठांशी येऊन अडकायचा. ज्या माणसाचा आवाज हीच भाकरी होती, त्याचा शब्द वाकडा पडायला लागला की त्याला काय होत असेल? त्यांनी बोलणंच टाकलं. बोट दाखवायचे. सूनबाईने बिचारीने एक घंटी आणून दिली वाजवायला, तर ती त्यांनी खिडकीतून खाली टाकली. सुदैवाने खाली कोणी नव्हतं.

आता येते कंपाउंडरभाऊंकडे. येतेच आहे, घड्याळ नका बघू.

भाऊंची पुडी तुम्हाला कोणाला सांगायला नको. पांढऱ्या कागदाचा चौकोन, त्यात गोळी, त्याला अशी घडी की वाऱ्याने उघडत नाही आणि म्हाताऱ्या बोटांनी उघडते. माझ्यासारख्या अडाण्यांसाठी वर चित्र. डोंगरातून निघालेला सूर्य म्हणजे सकाळ, डोक्यावरचा सूर्य म्हणजे दुपार, चंद्र म्हणजे रात्र. आणि पुडी उघडली की आत दोन ओळी. सकाळच्या पुडीत विनोद, दुपारच्या पुडीत सल्ला, रात्रीच्या पुडीत सुविचार. मी एकदा विचारलं, “भाऊ, असं का?” तर म्हणाले, “आजी, सकाळी माणूस चिडलेला असतो, म्हणून विनोद. दुपारी चुका करायला भरपूर वेळ असतो, म्हणून सल्ला.”

“आणि रात्री सुविचार?”

“त्याने झोप पटकन लागते.”

हे सांगताना चेहरा कसा? आत्ता आहे तसा! बघा, बघा. कुलूप लावलेल्या दुकानासारखा. अडतीस वर्षं आपल्याला हसवलं, पण स्वतः हसताना या माणसाचा दात कोणी पाहिलाय? हात वर करा. बघा, वहिनींचाही हात वर नाही!

पण सल्ले एकेक काय! “रागाने दार आपटून बाहेर पडण्याआधी किल्ली खिशात आहे का, ते बघावे.” आमच्या मुलाने हा सल्ला वाचला नाही आणि तीन तास जिन्यात बसला. सुविचार घ्या. “क्षमा करायला मन मोठे लागते. विसरायला नुसते वय पुरते.” हे तर फ्रेम करून लावण्यासारखं.

तर, झटक्यानंतर ह्यांची पहिली पुडी आली. आत विनोद, आणि खाली जास्तीची एक ओळ : “मोठ्याने वाचावे. बायको हसल्याशिवाय गोळी गिळू नये.” आता बघा या माणसाची हुशारी. मला वाचता येत नाही हे भाऊंना माहीत, गेली कित्येक वर्षं माझ्यासाठी सूर्य-चंद्र तेच काढतात. सूनबाई कामाला, नात शाळेत. म्हणजे ह्यांनीच वाचायला हवं, आणि तेही आवाज काढून. नाहीतर गोळी नाही!

पहिल्या दिवशी मी दूध तापत ठेवलं आणि ह्यांनी वाचायला घेतलं. “डॉक्टर... रोज... किती... चालता?” दूध उतू गेलं, गॅस विझला, मी ओटा पुसला, तेव्हा कुठे “पेशंट...” आला. मला दया आली. म्हटलं, सुटका करावी, आणि मी हसून टाकलं. अहो, असे रागावले! विनोद अजून व्हायचाच होता. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. “डॉक्टर... रोज...” पेशंट शेवटी म्हणतो, “चष्मा शोधतो, तेवढंच चालणं.” तोवर गोळीची वेळ टळून पाऊण तास झाला होता.

असं चालू झालं. पण गोळीपुरतंच. एरवी तोंड बंद, आणि त्याला कारण कोण होतं? मी! हे मी आज पहिल्यांदा चारचौघांत सांगते आहे. ह्यांनी नुसतं “पा” म्हटलं की मी सुरू. पाणी? पाय? पावडर? पातेलं? उशीखालचं पाकीट हवं असायचं त्यांना, आणि मी पातेलं घेऊन उभी. शेजारणी म्हणायच्या, “आजी, तुम्ही किती समजून घेता हो, बोलायलासुद्धा लागत नाही त्यांना.” आणि मी फुगायचे. त्यांचं अर्धं वाक्य मी पुरं करायचे, मग पाव वाक्यावरच पुरं करायला लागले, आणि शेवटी त्यांनी सुरू करणंच सोडलं. कशाला करतील? गाडी सुटायच्या आतच मी फलाटावरून ओरडत होते, “पोचली, पोचली!”

आणि मग भाऊंच्या हातून ती चूक झाली. अडतीस वर्षांतली एकच.

भाऊ कागद आधी लिहून ठेवतात, प्रत्येकाच्या नावाचा गठ्ठा वेगळा. नंतर त्यात गोळ्या बांधतात. त्या दिवशी गोळ्या बरोबर बांधल्या, देवाची कृपा, पण गठ्ठे बदलले. आमच्या गोळ्या मोठ्या बाईंच्या कागदात, आणि बाईंच्या गोळ्या आमच्या कागदात. बाई, सांगू ना? तुम्हीच म्हणालात सांगा म्हणून.

बाई घरी एकट्या, सोबत एक मांजर. बाईंनी सकाळची पुडी उघडली. “बायको हसल्याशिवाय गोळी गिळू नये.” बाई तडक दवाखान्यात. काउंटरवर पुडी आपटली आणि म्हणाल्या, “ही बायको तुम्ही पुरवणार, की मी शोधू?”

आणि इकडे आमच्याकडे दुपारच्या पुडीत बाईंसाठी लिहिलेला सल्ला. आता बाई आयुष्यभर वर्गात शिकवलेल्या, समोरच्याने ‘अ’ म्हणायच्या आत ‘ज्ञ’पर्यंत पोचायची सवय. त्यांच्यासाठी भाऊंनी लिहिलं होतं : “समोरच्याला वाक्य पूर्ण करू द्यावे, शेवट आपल्याला माहीत असला तरी.”

ह्यांनी ते वाचलं. माझ्याकडे बघितलं. परत वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचलं, सावकाश, एकेक शब्द सुटा, गाडी पुकारायचे तसं. मी म्हटलं, “अहो, यात हसण्यासारखं काही नाही.”

तर म्हणाले, “नाही. हे... तु...”

मी म्हणणार होते, “तुमच्यासाठी?” जीभ दाताखाली धरली. खोटं नाही सांगत, रक्त आलं.

“...तुझ्यासाठी... आहे.”

झटका आल्यापासूनचं त्यांचं स्वतःचं ते पहिलं पुरं वाक्य. आणि त्यात मलाच टोमणा! पण काय सांगू, एवढा गोड टोमणा मला लग्नातही कोणी मारला नव्हता.

माझी गोष्ट अशी रुळावर येत होती आणि तिकडे डॉक्टरीणबाईंनी हुकूम काढला. बाई, आज तुम्ही अध्यक्षा आहात, पण बोलते. त्या म्हणाल्या, आज कागद बदलले, उद्या गोळ्या बदलतील. पुडीवर सूर्य-चंद्र तेवढे राहू देत, आत एक अक्षर नको. चूक नव्हतं त्यांचं. पण ह्यांनी कोरी पुडी उघडली, उलटी करून बघितली, उजेडात धरली, गोळी आत ठेवून परत घडी घातली आणि म्हणाले, “कोरी... आहे.” दोन दिवस गोळी नाही. रक्तदाबाची गोळी हो! मी हात जोडले, रडले, स्वतः बनवून विनोद सांगितले. ते ऐकून तर तोंडच फिरवलं.

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात. म्हटलं, “बाई, ह्यांच्या पुडीत दोन ओळी लिहू द्या.”

“आजी, विनोद म्हणजे औषध नाही.”

“मग तुमचं औषध पोटात घालायला काय लावू? चिमटा?”

बाकावर मोठ्या बाई बसल्या होत्या. मला वाटलं, आता या माझ्यावर तुटून पडणार. तर उठल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टर, माझी तक्रार चुकीच्या चिठ्ठीबद्दल होती, चिठ्ठीबद्दल नव्हती. माझ्या पुड्यापण कोऱ्या येतायत. तीन दिवस मला कोणी काही सांगितलेलं नाही.”

भाऊ काउंटरमागे खाली मान घालून, चेहऱ्याला दोन कुलपं. मग असं ठरलं, की प्रत्येक पुडी डॉक्टरीणबाईंनी स्वतः तपासायची, गोळीसुद्धा आणि ओळसुद्धा. झालं! पेशंट तपासता तपासता बाई पुड्या वाचायला लागल्या. आपल्या शिंप्याच्या छातीला नळी लावलेली, आणि बाई एकदम खदाखदा हसल्या. तो शर्ट हातात घेऊन बाहेर पळत आला. “अहो, माझं हृदय ऐकून हसतायत!” दोन दिवस जेवला नाही बिचारा.

तर हे सगळं भाऊंचं देणं. घरात आता हे बोलतात. हळू बोलतात, पण बोलतात. मला टोमणे मारण्याइतके बरे झालेत. पण घराबाहेर? एक शब्द नाही. केस कापायला गेले तर बोटाने दाखवतात. जुने ड्रायव्हर भेटायला आले, तर हे मोरीत जाऊन बसले ते पाहुणे जाईपर्यंत. भाऊ घरी येऊन म्हणाले होते, “आजोबा, मला निरोपाचं भाषण तुमच्या आवाजात हवंय.” ह्यांनी मान हलवली. मी रात्रभर टोचलं, का नाही म्हणालात? तर म्हणाले, “लोक... थांबत... नाहीत.”

सकाळी मीच भाऊंना सांगून आले, भाषण मी करते. म्हणून मी उभी आहे.

आता जाता जाता भाऊंच्या शेवटच्या पुडीतला विनोद सांगते. आज सकाळचाच आहे. एक माणूस रोज संध्याकाळी बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीशी येतो आणि विचारतो, “शेवटची गाडी किती वाजता?” आतला सांगतो, साडेनऊ. हा मान हलवून परत जातो. असं महिनाभर. शेवटी आतला वैतागतो. म्हणतो, “अहो, रोज विचारता, जात तर कधीच नाही!” तर तो माणूस म्हणतो... तो म्हणतो, “माझी छत्री हरवली!”

हसा की. काय झालं? असाच आहे विनोद. छत्री हरवली म्हणतो तो.

काय हो? उभे का राहिलात? चुकलं? छत्री नव्हती?

मग काय होतं? सांगा की. नाही, माईक नाही देणार, मला धरून उभं राहायला लागतो तो. आम्हाला काही घाई नाही.

“पा...हुणे.”

बरं.

“घरी... पाहुणे आलेत. तेच... पाठवतात. वेळ... विचारायला.”

...

“मी... घरी पोचेपर्यंत... गाडी... सुटलेली असते!”

ऐकलंत? मागे, दाराजवळ उभे आहात तुम्ही, तुम्हाला ऐकू आलं? आलं ना? बघा, आणि माईकशिवाय! अहो, मालकसुद्धा जागे झाले. आणि भाऊ, तोंडावरचा रुमाल काढा, दिसले आम्हाला दात.

भाऊ, तुम्ही आता लेकीकडे राहायला चाललात, तिथे सुखाने राहा म्हणते. डॉक्टरीणबाईंचे, मोठ्या बाईंचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे, आणि सगळ्यात जास्त समोरच्या तुम्हा सगळ्यांचे आभार, की तुम्ही एवढा वेळ थांबलात. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. छत्री मी मुद्दाम चुकवली होती. बाकीचं जे चुकलं ते खरंच चुकलं, त्याची तेवढी माफी असावी. येते. नाही, बसते. त्यांना अजून काहीतरी म्हणायचंय.