चेहरा सोडून सगळं ओळखीचं

...नाही, तुम्हीच सांगा, एकतीस वर्षांच्या संसारानंतर नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतो आणि सख्ख्या बायकोला विचारतो, "कोण पाहिजे आपल्याला?" ही काय पद्धत झाली? आणि 'आपल्याला' बरं का! लग्न झाल्यापासून ह्या माणसानं मला एकदाही 'आपण' म्हटलेलं नाही... परक्या बाईशी हे इतक्या अदबीनं बोलतात, हे मला एकतीस वर्षांनी कळलं!

बसा हो, बसा, तुमच्यापुढे अजून दोन डोकी आहेत. पहिल्यांदाच आलात ना आमच्या दुकानात? म्हणून तर सांगते. ते वस्तरा धरून उभे आहेत ना, ते आमचे हे. घाबरू नका, हाताला काही झालेलं नाही. हात अगदी पूर्वीसारखा चालतो. पायही चालतात. झालं काय, तर मागच्या वर्षी एका सकाळी स्वतःची दाढी करता करता ह्यांना गरगरलं आणि खालीच बसले. अर्ध्या गालाला फेस तसाच! दवाखान्यात नेलं, तर म्हणे मेंदूत रक्ताची बारीकशी गुठळी. चार दिवस गुंगीतच होते. पाचव्या दिवशी घरी आणलं, जो तो म्हणाला, 'थोडक्यात निभावलं हो', मी देवाचे आभार मानले, चहा ठेवला, आणि मागून आवाज, "कोण पाहिजे आपल्याला?"

मला वाटलं, थट्टा. मी म्हटलं, "तुमची बायको पाहिजे, आहे का घरात?" तर माझा आवाज ऐकला मात्र, ह्यांचा चेहरा पांढराफटक! "अगं... तू होय?" म्हणाले आणि कपाटाला धरून उभे राहिले. हसू माझ्या तोंडातच राहिलं.

परत दवाखाना! तिथली डॉक्टरीणबाई तरुण, पण फार शांत. तिनं ह्यांच्यापुढे चित्रं मांडली. कात्री. "कात्री आहे. आठ इंची. पात्यांना धार लावायला झालीय." चित्रातल्या कात्रीची धार काढतात, बघा! मग किल्ली, किटली, छत्री... सगळं धडाधड. वर्तमानपत्र दिलं, ते खडाखडा वाचून दाखवलं, वर छपाईची चूकही काढली. मग तिनं आमच्या लग्नातला फोटो पुढे केला. हे बघतायत, बघतायत... "जोडपं आहे कुठलं तरी," म्हणाले. "बाई रागावलेली दिसते."

रागावलेली! राग ओळखू येतो, बाई ओळखू येत नाही!

डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलं. म्हणाल्या, "काकू, मेंदूत सगळी ओळख एका जागी नसते. अक्षरं वाचायची जागा वेगळी, बहुतेक डावीकडे. वस्तू ओळखायची वेगळी. आणि चेहऱ्यांसाठी एक छोटीशी खास जागा असते, मुख्यतः उजवीकडे, तळाशी. काकांची नेमकी तीच दुखावलीय. त्यांना डोळे दिसतात, नाक दिसतं, ओठ दिसतात... पण त्यांची बेरीज होत नाही." मी म्हटलं, "येईल का परत?" त्या म्हणाल्या, "थोडंफार येईल कदाचित. पण तोवर काहीतरी ठळक खूण ठेवा. आवाज आहे, चाल आहे, कपडे आहेत." म्हणजे काय, तर कात्री ओळखीची, किटली ओळखीची, सगळं ओळखू येतं हो, चेहरा तेवढा सोडून!

आता हे काय सुतार आहेत का? सुतार असते तर लाकडाला कुठे चेहरा असतो? पण न्हाव्याच्या दुकानात दुसरं असतं काय! त्यातून तीन भिंतींना तीन आरसे. पहिल्या दिवशी दुकान उघडलं, तर हे आरशासमोर थांबले आणि आतल्या माणसाला म्हणाले, "या ना, बसा." तो बसेना. हे बाजूला झाले, तर तोही बाजूला झाला! मग हातातला कंगवा दिसला तेव्हा कळलं, हा आपलाच कंगवा, म्हणजे माणूसही आपणच.

तेवढ्यात मास्तर आले. निवृत्त शिक्षक, पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांनी नुसती मान हलवली, आणि ह्यांनी विचारलं, "पहिल्यांदाच आलात का?" मास्तरांचं तोंड बघण्यासारखं झालं! तणतणत खुर्चीत बसले. ह्यांनी मागून पाणी मारलं, केस विंचरले... आणि थांबलेच. "मास्तर! हे दोन भोवरे, उजव्या कानामागचा हा टाका, झाडावरून पडला होतात लहानपणी... अहो, मास्तर, तुम्ही!" मागून ओळखलं! समोरून कोण कुठले, पण पाठमोरं डोकं एक चुकत नाही. मास्तरांचे डोळे भरले, पण बाहेर जाऊन त्यांनी गावभर सांगितलं, की ह्याला आता डोकंच ओळखू येतं, तोंड दाखवायची सोय नाही!

इकडे मी काय केलं? सांगायला लाज वाटते, पण मी रुसले. होय हो, रुसले! मास्तरांचा भोवरा लक्षात आणि माझा चेहरा जातो म्हणजे काय? डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं डोक्याला पटत होतं, मनाला पटत नव्हतं. खूण ठेवा म्हणाल्या म्हणून मी माझा जुना हिरवा स्वेटर अंगात चढवला, भर उन्हाळ्यात हो, पाठीवर घामोळं आलं... पण बोलणं? बोलणं बंद! सकाळी उठायचं, भांड्यांचासुद्धा आवाज न करता चहा ठेवायचा, कप समोर सरकवायचा, की झालं. महिनाभर. हे आपले माझ्याकडे बघत राहायचे, मग स्वेटरकडे, मग कपाकडे. कप ओळखीचा ना! सगळं ओळखू येतं, चेहरा तेवढा सोडून...

आणि मग तो बाजारातला प्रकार. मी बटाटे निवडत होते, मान खाली. हे पिशवी घेऊन मागे उभे. मान वर करते तर हे गायब! बघते तर रस्त्याच्या पार टोकाला एक हिरवा स्वेटर चाललाय आणि शेजारी दोन पिशव्या घेऊन आमचे हे, काहीतरी सांगतायत, अगदी मन लावून! मी बटाटे टाकले, हाका मारल्या, पण हॉर्नच्या कलकलाटात ऐकतंय कोण? माझे गुडघे असे, धावणार तरी किती! घरी येऊन बसले. अर्ध्या तासानं हे आले, बूट न काढताच कॉटवर आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड केलं. "दुकान बंद," म्हणाले. "ज्याला स्वतःची बायको कळत नाही, त्यानं दुसऱ्याच्या गळ्याशी वस्तरा धरू नये." बस. तीन दिवस कुलूप. माझा भाऊ तर म्हणाला, खुर्च्या विकायला काढू या.

चौथ्या दिवशी दारात हिरवा स्वेटर! मीच चमकले, म्हटलं मला आता मीच दिसायला लागले की काय... पण ही तर ती बाजारातली बाई, पत्ता विचारत आलेली. चांगली होती हो बिचारी. म्हणाली, "त्या दिवशी मी दाताच्या डॉक्टरांकडून येत होते. दाढ काढलेली, अंगात कणकण म्हणून हा स्वेटर, तोंडात कापसाचा बोळा. तुमच्या मिस्टरांनी पिशवी घेतली, मी 'उं, उं' केलं, तर म्हणाले, 'राग आलाय ना? असू दे. आज मला बोलू दे.' मला थांबवता येईना. आमच्या फाटकापाशी आले, फाटक बघितलं आणि दचकले. 'हे आमचं फाटक नाही! म्हणजे तुम्ही माझी बायको नाही!' पिशवी ठेवली, दहा वेळा माफी मागितली आणि गेले. पण ताई, ते सगळं तुमच्यासाठी होतं. माझ्याजवळ ठेवून मी काय करू? म्हणून द्यायला आले."

आणि तिनं मला ते जसंच्या तसं सांगितलं.

हे म्हणाले होते, "तुला वाटतं मी तुला विसरलो. अगं, तुझ्या मनगटावर भाजल्याचा डाग कुठे आहे ते मला डोळे मिटून सांगता येतं. तू हसायच्या आधी नाकानं फुस्स करतेस, तेही माहीत आहे. फक्त समोर आलीस, की 'ही ती' असं आतून कुणी सांगत नाही. पहाटे जाग येते, पण मी डोळे उघडत नाही. उघडले आणि उशाशी परकी बाई दिसली तर? म्हणून तुझा आवाज यायची वाट बघतो. आवाज आला, की मग घर आपलं वाटतं. हल्ली आवाजच येत नाही गं. हल्ली मी फार वेळ डोळे मिटून पडलेला असतो."

काय सांगू तुम्हाला... मी अबोला धरून ह्यांना शिक्षा करत होते, आणि हे अंधारात माझी वाट बघत होते.

ती बाई गेली. मी आत गेले, हे भिंतीकडे तोंड करून पडलेले, डोळे मिटलेले. मी कॉटच्या कडेला बसले आणि सुरू केलं. बटाट्यांपासून सुरू केलं! बटाटे कसे टाकले, गुडघा कसा दुखला, भाऊ कसा मूर्ख आहे, खुर्च्या विकायच्या नाहीत, उद्या दुकान उघडायचं, मी येऊन बाकड्यावर बसणार, जो आत येईल त्याचं नाव मोठ्यानं घेणार, बघू कोण तुम्हाला हसतो ते... ह्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. चेहरा नाहीच कळला, मला दिसलं ना ते. पण हात धरला.

तेव्हापासून मी इथं असते, सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत. — या मास्तर, या! अहो, मास्तर आलेत हो! — बघितलंत? असं. आणि पहाटे जाग आली, की ह्यांनी डोळे उघडायच्या आधीच मी बोलायला लागते, काय वाट्टेल ते बोलते, पाण्याचं, दुधाचं, माझ्या घामोळ्याचं. हे हळूच एक डोळा उघडतात, मग दुसरा. चेहऱ्यावर अशी काही शांतता येते, की बघत राहावं. ओळख पटलेली असते. आणि एकदा ओळख पटली, की ह्या माणसाचं पहिलं वाक्य काय असतं, माहीत आहे?

"अगं, जरा गप्प बसशील का?"