गुरुवारकाकांचा आवाज

माइकमामा : ...म्हणून सांगतो ताई, कुणाचा विश्वास बसणार नाही, पण ती रेकॉर्डिंगं तुमच्या वडिलांच्या आवाजानेच जाळली.

मुलगी : आवाजाने जाळली?

माइकमामा : भस्म! परतीच्या बोटीचं गाणं, शेवटचं कडवं. तिथे एक वरचा सूर आहे. भल्याभल्यांची शिडी तिथे सरकते. आमच्या गुरुवारकाकांनी डोळे मिटले, सूर लावला, आणि माझ्या साउंड-मिक्सरचे सगळे हिरवे दिवे लाल झाले. मागून धूर! लोकांना वाटलं, मीच नाटकासाठी सोडलाय. टाळ्यांवर टाळ्या. आणि त्या काचेच्या टाकीतले मासे, ताई, एका रांगेत उभे राहिले. तोंडं स्टेजकडे करून.

मुलगी : आमच्या बाबांनी? वरचा सूर?

काउंटरबाई : टाकीत मासा एकच आहे, मामा. तोही प्लास्टिकचा.

माइकमामा : आत्ता एक आहे. बाकीचे त्या दिवसापासून...

काउंटरबाई : बाकीचे काय, गाणं शिकायला गेले?

माइकमामा : बाई, तुम्ही आपले ग्लास पुसा. बार सहाला उघडायचाय. तर ताई, सांगायचा मुद्दा, रेकॉर्डिंग राहिलं नाही. एकही नाही. काकांना माझा नमस्कार सांगा. वर्ष झालं, इकडे फिरकले नाहीत. रुसले की काय?

मुलगी : मामा, मी दारातून 'गुरुवारकाकांची मुलगी, रेकॉर्डिंग हवंय' एवढंच म्हटलं, आणि तुम्ही सुरूच झालात. का हवंय ते तरी ऐका.

माइकमामा : बोला, बोला. ती उलटी ठेवलेली खुर्ची घ्या खाली.

मुलगी : बाबा रुसले नाहीत. त्यांचा घसा बसला होता. आज सुटेल, उद्या सुटेल म्हणत वर्ष काढलं. गेल्या महिन्यात ऑपरेशन झालं. घशातली आवाजाची पेटीच काढावी लागली.

माइकमामा : ...काढली?

मुलगी : माणूस वाचला. पण आता आवाज नाही. कधीच नाही. पाटीवर लिहून दाखवतात.

काउंटरबाई : अगं बाई.

मुलगी : दवाखान्यातून एक यंत्र मिळतं, एवढंसं, तळहातावर मावेल असं. आपण टाइप करायचं, ते बोलतं. त्यात कुणाचा तरी तयार आवाज असतो, बातम्या वाचल्यासारखा. बाबांनी तो ऐकला आणि यंत्र पालथं घालून ठेवलं. पण जुनं रेकॉर्डिंग असेल, निदान अर्ध्या तासाचं, तर ते लोक त्या माणसाचाच आवाज त्यात बसवून देतात. परवापर्यंत नेऊन द्यायचंय.

काउंटरबाई : घरी काहीच नाही? हल्ली पोरं शिंकली तरी व्हिडिओ निघतो.

मुलगी : व्हिडिओ बाबाच काढायचे ना. सगळ्यांत आम्ही आहोत. बाबा म्हणजे फक्त 'हं, इकडे बघा'. काल रात्रभर बसून जोडले. तीन मिनिटंसुद्धा भरत नाहीत. मुळात बोलणारा माणूस नाही तो. बत्तीस वर्षं चष्म्याची भिंगं घासली. त्या घासायच्या मशीनच्या घरघरीत बोलणार कुणाशी? तोंड उघडलं ते इथे, तुमच्या कराओकेत. चार वर्षं, दर गुरुवारी. घरी आले की हातपाय धुवायच्या आधी सांगायचे, 'आज टाळ्या पडल्या.'

माइकमामा : पडायच्या की! खोटं नाही ते.

मुलगी : म्हणून मला त्यांनीच पाठवलं. पाटीवर लिहिलं, 'माइकमामांकडे सगळे गुरुवार आहेत.'

माइकमामा : गाणं चालतं का त्या यंत्राला? बोलणं लागत असेल.

मुलगी : विचारलं मी. म्हणाले, बोलणं असतं तर बरं, पण गाण्यावरही काम निघेल. तुम्ही म्हणता जळालं. एकसुद्धा नाही उरलं? फाटकंतुटकं?

माइकमामा : काय सांगू ताई... पण गायचे हो! त्या कोपऱ्यात बसायचे, खांबाला टेकून. लिंबू-सोडा घ्यायचे. गाण्याची चिठ्ठी लिहून माझ्या हातात द्यायचे, दोन घड्या घालून, जसं काही लग्नाचं स्थळ सुचवतायत. दर वेळी तेच गाणं. एकदा कुबड्यांवर आलेला एक माणूस त्यांचं गाणं ऐकून कुबड्यांशिवाय घरी गेला. डोळ्यांनी पाहिलंय मी.

काउंटरबाई : कुबड्या विसरून गेला होता. मित्रांनी उचलून रिक्षात घातला होता. दुसऱ्या दिवशी त्याची बायको येऊन घेऊन गेली, आणि मला चार शब्द सुनावून गेली.

मुलगी : तुम्ही ऐकलंय ना बाई, बाबांना गाताना?

काउंटरबाई : मी... काउंटरवर असते मी. टाळ्या ऐकल्यात.

मुलगी : आईचा फोन येतोय. आत आवाज तुटतो, मी बाहेर जाऊन बोलते. मामा, तेवढ्यात जरा आठवा ना. एखादी डिस्क, एखादा पेनड्राइव्ह. कपाटाच्या मागे वगैरे पडलेला.

काउंटरबाई : ...गेली बाहेर. आता माझ्याकडे बघा. वर कशाला बघताय? छत गळत नाही.

माइकमामा : ओरडू नका.

काउंटरबाई : त्या कपाटात सगळे गुरुवार आहेत. तारखा घालून. तुमच्या अक्षरात. आणि तुम्ही मासे सांगताय!

माइकमामा : गुरुवार आहेत. काका नाहीत त्यात.

काउंटरबाई : म्हणजे?

माइकमामा : तुम्हाला माहीत नाही?

काउंटरबाई : मला एवढंच माहीत आहे की तुमचा एक हात कायम त्या मिक्सरवर असतो.

माइकमामा : मग ऐका. गाण्याच्या ट्रॅकमध्ये एक गायक हळू आवाजात गात असतो. नवख्याची वाट चुकू नये म्हणून. तो आवाज वाढवता येतो. आणि समोरच्याचा माइक बंदही करता येतो. एवढीशी पट्टी खाली सरकवायची, झालं; त्याचा आवाज ना स्पीकरमध्ये, ना रेकॉर्डिंगमध्ये. समोरच्याला कळत नाही, त्याच्या कानाशी स्पीकर ढणढणत असतो.

काउंटरबाई : अहो, दर वेळी?

माइकमामा : पहिल्या वेळी कंपनीतल्या पंचवीस जणांची पार्टी होती. आठवतं? कुणाच्या तरी बढतीची. बार पेटलेला. आणि मी चुकून काकांची चिठ्ठी उचलली. हा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून, दोन्ही हातांनी माइक धरून उभा राहिला, जसं लहान मूल दुधाचा पेला धरतं. पहिली ओळ गायला आणि... बाई, बेसूर माणसं मी खंडीभर पाहिलीत. पण हे वेगळंच. गाणं पूर्वेला, हा पश्चिमेला, आणि तोंडावर मात्र देवळात उभं असल्याचा भाव. एक टेबल फिसकन हसलं. दुसरं हसायच्या बेतात. माझा हात आपोआप गेला. पट्टी खाली.

काउंटरबाई : आणि टाळ्या पडल्या.

माइकमामा : कडाडून. त्या ट्रॅकमधल्या गायकाला. हा बिचारा वाकून वाकून नमस्कार करतोय. जाताना माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, 'मामा, तुमच्या मशीनवर माझा आवाज मोकळा होतो बघा.'

काउंटरबाई : तिथेच सांगायचं होतं.

माइकमामा : काय सांगू? पुढच्या गुरुवारी पुन्हा हजर. आता माइक उघडला असता तर लोक हसले असते, आणि त्याला आधीच्या गुरुवारचंही कळलं असतं. एकदा बंद केलेला माइक पुन्हा उघडता येत नाही, बाई. एकदा उघडून पाहिला. अर्धी ओळ. कुणीतरी बाटली वाजवली. केला बंद.

काउंटरबाई : चार वर्षं.

माइकमामा : दीड-दोनशे गुरुवार. मी म्हणायचो, माणूस खूश आहे, बार खूश आहे, कुणाचं काय गेलं? आता कळलं काय गेलं. तो अख्खा आवाज माझ्यासमोर सांडत होता आणि मी नळाखालची बादली काढून घेत होतो.

काउंटरबाई : मला नका सांगू. तिला सांगा. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगते.

माइकमामा : तुमच्या तोंडून नको. मी सांगतो.

काउंटरबाई : मासे नकोत. कुबड्या नकोत.

माइकमामा : सरळ सांगतो. आली की सांगतो. गळ्याची शपथ.

काउंटरबाई : गळ्याची घेऊ नका. आज तरी नका घेऊ.

मुलगी : बोलले आईशी. म्हणाली, बाबा सकाळपासून दर दहा मिनिटांनी पाटी पुढे करतायत. 'मिळालं का?' पुसायचं, पुन्हा तेच लिहायचं. अक्षर एवढं मोठं केलंय, जसं काही आई आंधळी आहे.

काउंटरबाई : मामांना तुझ्याशी बोलायचंय, बाळा.

माइकमामा : हो. ताई, असं आहे की... बसा ना.

मुलगी : आणि काय ठरवून बसलेत माहितीये? यंत्र आलं की पहिलं वाक्य घरात बोलायचं नाही. आईशी नाही, माझ्याशी नाही. आधी इथे यायचं गुरुवारी. तुम्हाला ऐकवायचं. आई जरा फुगलीच आहे. चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोपेक्षा माइकमामा मोठा!

माइकमामा : मला ऐकवायचं?

मुलगी : लिहिलंय त्यांनी. 'मामांनी ओळखलं की झालं.' काय हो मामा? घाम आलाय तुम्हाला. पंखा लावू?

काउंटरबाई : मामा, बोला आता.

माइकमामा : बोलतो ना. ताई, मघाशी मी म्हटलं की सगळं जळालं. ते काही खरं नाही.

मुलगी : म्हणजे?

माइकमामा : म्हणजे... सगळं नाही जळालं.

काउंटरबाई : मामा!

माइकमामा : तुम्ही बाहेर गेलात आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या कपाटात, खालच्या खणात! कोळ्याने जाळं विणून आगीपासून राखलेलं. चांगला तासाभराचा माल निघेल. हा बघा. धूळसुद्धा बसलेली नाही.

मुलगी : देवा! मामा, तुमचे पाय धरू का? बाई, ऐकलंत? आहे! आईला कळवू? नको, आधी ऐकू. लावा ना. एक कडवं तरी लावा.

काउंटरबाई : लावू नका. मामा, मी सांगतेय, लावू नका. हात काढा तिथून.

मुलगी : का हो बाई? असं का करताय?

माइकमामा : बाई हळव्या आहेत. त्यांना रडू येतं. बसा ताई, इथे मधोमध बसा, दोन्ही स्पीकर सारखे ऐकू येतील. हं. ऐका तुमच्या बाबांना.

(गाणं सुरू होतं. पूर्ण एक कडवं वाजतं. काउंटरबाईच्या हातातलं फडकं एकाच ग्लासमध्ये थांबलेलं.)

माइकमामा : ...कसं? आं? आता सांगा. अंगावर काटा आला की नाही? मला तर दर गुरुवारी यायचा.

मुलगी : हे बाबा?

माइकमामा : तर! माइकवर आवाज जरा वेगळा येतोच. माणसाला स्वतःचाही ओळखू येत नाही. माझ्या बायकोने एकदा मला रेडिओवर ऐकलं आणि म्हणाली, हा कोण गोड माणूस? त्यात हे स्पीकर जुने. शिवाय हवा दमट होती त्या दिवशी. यंत्रवाले करतील साफ. न्या तुम्ही. बिनघोर न्या.

मुलगी : बंद करा ना जरा.

माइकमामा : केलं. पुढचं कडवं तर याहून...

मुलगी : मामा, आमच्या घरी बाबा गुणगुणायला लागले की आई रेडिओ मोठा करायची. चिडून नाही, सवयीने. बाबाच म्हणायचे, 'कर, कर मोठा.' मी लहान असताना ते मला गाऊन झोपवायचे आणि शेजारचं कुत्रं जागं व्हायचं. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

माइकमामा : अहो, पण सराव केला की माणूस...

मुलगी : इथे टाळ्या पडतात असं ते सांगायचे ना, तेव्हा आई स्वयंपाकघरात मला हळूच म्हणायची, 'तिथली माणसं फार चांगली असणार गं.'

माइकमामा : पोरी...

मुलगी : हा माणूस सुरात गातोय, मामा.