हमीचा कागद

अहो नाही, तारीख बरोबर आहे तुमची — दालनही हेच. विद्यापीठाचा भूमध्य सागर सप्ताह, आजचं शेवटचं सत्र, होड्या बांधणाऱ्या कारागिराचं प्रात्यक्षिक — सगळं बरोबर छापलंय. फक्त कारागीर आला नाही. बसा घटकाभर, जिने चढून दमलात. मी इथली कारकून. आणि तो कारागीर — आता लपवून काय करू — माझा सख्खा दादा.

इथले विभागप्रमुख सर म्हणाले होते, या युरोपचं आणि समुद्रापलीकडच्या, म्हणजे आमच्या माहेरच्या किनाऱ्याचं नातं पुस्तकातून किती सांगणार, हाताने करून दाखवणारा माणूस आणा. मीच दादाचं नाव सुचवलं — मिरवायचं होतं ना मला! फळीवर टिचकी मारली की नुसत्या आवाजावरून सांगायचा, हे लाकूड पाण्यात टिकेल की नाही. होडीच्या कण्याला दोन्ही किनाऱ्यांवर एकच शब्द आहे म्हणाला — सर तर ऐकून खूशच झाले.

मग आडवा आला व्हिसा. नाकारला, असं मी सरांना सांगितलं — आणि नाकारलाच, खोटं नाही ते — पण का नाकारला? पाहुणा परत जाईल अशी नातेवाइकाने हमी द्यायची, असा एक कागद असतो. सही माझी हवी होती. पाच आठवडे माझ्या खणात पडून होता तो. का म्हणजे — दादा परत गेलाच नसता तर? माझी नोकरी आत्ता कुठे कायम झालीय, घर दोन खोल्यांचं, नवरा आधीच कुरकुरतो — आणि दादाचं तिकडचं काम पार बसलेलं, मी ओळखते ना त्याला. फोनवर म्हणाला, ‘सही राहिली का? असू दे गं, जिवाला लावून घेऊ नकोस. मी येतो माझा माझा.’ वर हसला. रागावला असता तर बरं झालं असतं — निदान ओरडला असता एकदा.

तेरा दिवस झाले निघून. लाकडाची नाही हो, रबराची होडी, चाळीस माणसं. बसताना कळलं नसेल त्याला? त्याला? कळलं असणारच. तरी बसला.

वहिनी रोज सकाळी फोन करते — ‘पोचले का?’ मी म्हणते, येतील. आज तिचा फोन आला नाही. तिकडे कुणीतरी तिला होडीचं काहीतरी सांगितलं असणार. मीच करायला हवा, हो, कळतंय मला — तीनदा नंबर काढला, तीनदा ठेवून दिला —

नको, पाणी नको. सरांना यातलं काही बोलू नका. उठा आता, दालन बंद करायचंय. उठा म्हणते ना!